‘फिरंगी’ कोण?

छावणींत राहणाऱ्या एका तरुण लेखकानें आपल्या ऐतिहासिक कादंबरीचें हस्तलिखित गेल्या पावसाळ्यांत आमचेकडे अभिप्रायार्थ पाठविलें. कथानक एका शिलेदार घराण्याचें. पणजा १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेंत वसईच्या मोर्च्यावर उभा राहतो. त्याचा नातू १८०३ सालीं असईच्या रणांत पडतो. आणि पुढील पिढींतील एकजण १८५७ सालीं आमच्या या छावणींत रिसाल्याच्या घोड्यांस दाणावैरण पुरवीत असतां बंडाचा उठाव डोळ्यांनीं पाहतो. भाषा सफाईदार, प्रसंग रेखीव. परंतु तिन्ही ठिकाणीं शत्रूचें नांव एकच : फिरंगी. वसईचा पोर्तुगीज फिरंगी, असईचा वेलस्ली फिरंगी आणि छावणीचा कप्तानही फिरंगीच. आम्हीं लाल पेन्सिल घेऊन पहिलें प्रकरण सोडून सर्वत्र तो शब्द खोडला. ही घाई आमच्या अंगाशीं कशी आली तें पुढें सांगूं. आधीं शब्दाची कुळकथा.

फ्रँक नांवाची एक जर्मन टोळी रोमन साम्राज्याच्या पडत्या काळांत गॉल देशांत शिरली आणि त्या देशाला आपलें नांव देऊन बसली. आजचा फ्रान्स तो हाच. पुढें १०९६ पासून ख्रिस्ती धर्मयोद्धे जेरुसलेमवर चालून जाऊं लागले, तेव्हां अरबांच्या लेखीं पश्चिम युरोपांतून येणारे सारेच ‘इफ्रंज’ ठरले. फारसींत ‘फरंग’ म्हणजे तो मुलूख व ‘फरंगी’ म्हणजे तेथील मनुष्य. एका टोळीचें नांव एका खंडाएवढें झालें. असा फुगत आलेला शब्द आमच्या कोंकणपट्टीवर पोंचतांच पुन्हां आंखडला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

कारण उघड आहे. पोर्तुगीज १४९८ सालीं कालिकतला उतरले, १५१० सालीं त्यांनीं गोवा घेतला आणि १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं आली. मराठी माणसानें पाहिलेला पहिला युरोपीय तो हा. सबंध खंडाचें नांव त्यानें एकट्यानेंच खाल्लें. उत्तर कोंकणांतील त्याचा मुलूख ‘फिरंगाण’ झाला, परदेशी पात्याची सरळ तलवार ‘फिरंग’ झाली. इतकेंच नव्हे, तर सोळाव्या शतकांत भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त एका ओंगळ संसर्गजन्य व्याधीला ‘फिरंगरोग’ असें नांव देऊन त्यावर चोपचिनीची योजना सांगितली. पाहुण्याबरोबर काय काय घरांत येतें याची नोंद वैद्यांनीं बखरकारांहून चोख ठेवली आहे, असें कधीं कधीं वाटतें.

मागाहून दुसरे आले, त्यांना मराठीनें निराळीं नांवें दिलीं. ‘इंग्रज’ व ‘वलंदेज’ हे शब्द तर पोर्तुगीजांच्याच तोंडून आपल्याकडे आले. म्हणजे फिरंग्यानें आपल्या प्रतिस्पर्ध्यांची ओळख स्वतःच करून दिली! शाहू महाराजांच्या काळीं रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्रां’त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार, म्हणजे डेन्मार्कचे लोक, अशीं हीं नांवें वेगवेगळीं मोजून सर्वांना मिळून ‘टोपीकर’ ही एक संज्ञा योजिली आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हत, यांच्या प्रत्येकाच्या पाठीशीं एकेक राज्य उभें आहे, यांस समुद्रकांठीं जागा देतांना सावध राहावें, असा त्यांचा इशारा. ज्यास या पांचांतील भेद ठाऊक, त्यालाच असा इशारा देतां येतो. आणि यांतील गंमत अशी कीं, ज्याचें हें नांव मूळचें, तो फ्रान्सचा मनुष्य मात्र मराठींत फिरंगी नाहीं! १७५१ सालीं सलाबतजंगाबरोबर बुसी आमच्या या शहरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, येऊन राहिला. वंशानें पाहिलें तर खरा ‘फ्रँक’ तोच. पण मराठी कागदांत तो ‘मुसा बुसी’, जात फरासीस.

तेव्हां सर्वांना एकच नांव देण्यानें केवळ कोशकारांची गैरसोय होते असें नाहीं. वसई फिरंग्यांपासून घेणाऱ्या पेशव्यांनीं १७५६ सालीं तुळाजी आंग्र्याविरुद्ध इंग्रजांचें साह्य घेतलें आणि विजयदुर्गापुढें मराठ्यांचेंच आरमार जळालें. दोन्हीकडे ‘फिरंगी’ लिहिलें कीं हें राजकारण वेडगळ दिसूं लागतें; आणि त्यांत जी खरी चूक होती, तीही दिसेनाशी होते. हा आमचा मुख्य आक्षेप. ऐतिहासिक कादंबरीनें वाचकाला लढाई दाखवावी. पण कोण कोणाशीं लढतो आहे, हें झांकूं नये.

हस्तलिखित परत गेलें, आणि आठ दिवसांनीं लेखक स्वतःच आमच्या घरीं आले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : “वसईपुरतें तुमचें मान्य. असईचेंही मान्य करतों. पण १८५७ च्या जून महिन्यांत येथें उठलेला हैदराबाद कंटिंजंटचा रिसाला मराठी कोठें बोलत होता? सवारांची बोली हिंदुस्थानी. आणि हिंदुस्थानींत हा शब्द आंखडला कधींच नाहीं.” आम्ही निरुत्तर झालों. औरंगजेबानें लखनौस एका विद्वान घराण्याला जो वाडा दिला, तो पूर्वीं एका युरोपीय व्यापाऱ्याचा म्हणून ‘फिरंगी महाल’. त्या नांवांत पोर्तुगालचा संबंध नाहीं. बंगाल्यांत पोर्तुगीज वंशाचा कवि अँटनी ‘फिरिंगी’ म्हणून ख्यात झाला, तर थायलंडांत कोणताही गोरा ‘फरंग’, आणि परदेशांतून आलेलें पेरूचें फळही ‘फरंग’च! काळ्या चबुतऱ्याशीं शिक्षा भोगणारा सवार इंग्रजास फिरंगी म्हणाला असल्यास तो त्याच्या भाषेशीं इमानी होता. आम्हीं खोडलेलीं त्या प्रकरणांतील बहुतेक स्थळें पूर्ववत् केलीं.

बहुतेक, सर्व नव्हेत. वैरण पुरविणारा नायक मराठी आहे. त्याच्या स्वगतांत तो शब्द आम्ही राहूं दिला नाहीं. बंडाच्या धामधुमींतून फिरून आलेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवासां’त ‘गोरे लोक’ भेटतात. तीच आपल्या माणसांची बोली. गोव्याकडे तर आणखी ‘पाखले’ हा खासा शब्द आहे. आज वेरूळ-अजिंठ्यास येणाऱ्या कोणत्याही गोऱ्या प्रवाशास आमचीं मुलें ‘फिरंगी’ म्हणतात, तें हिंदी चित्रपटांच्या संगतीनें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आजच्या मुलानें आजची मराठी बोलावी. १७३९ च्या शिलेदाराच्या तोंडीं मात्र ती घालूं नये.

असईच्या प्रकरणावर अजून खल चालूं आहे. त्या दिवशीं शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सरदार पोलमन हा जर्मन होता; म्हणजे युरोपीय दोन्ही बाजूंस उभे. लेखकानें विचारलें, “मग माझ्या शिलेदारानें आपल्याच सेनापतीला काय म्हणावें?” आम्हीं सुचविलें, नांवानेंच म्हणूं द्या, ज्याच्या हुकुमाखालीं रोज कवाईत करावी लागते, त्याचें नांव शिपायाला पाठ असतें. ते मान हलवून गेले आहेत. दुसरा खर्डा दिवाळीनंतर येणार आहे.