ताळ्याचे साधन निवडताना

भागाकार झाला की भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची आणि ताळा पाहायचा, हे आपण वर्गात शिकवतो. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असा ताळा लागतो. तो अनेकांनी मिळून लिहिला असेल तर फारच. एकाने केलेल्या दुरुस्तीने दुसऱ्याचा भाग बिघडतो आणि पत्ताही लागत नाही. म्हणून चाचण्या लिहून ठेवतात व प्रत्येक बदलानंतर संगणकाकडूनच त्या करवून घेतात. या कामाच्या तयार साधनाला टेस्टिंग फ्रेमवर्क म्हणतात. पायथॉन भाषेतील अशी तीन साधने पाहू.

समजा, विद्यार्थी गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहीत आहेत. ४०, ५० आणि ६० यांची सरासरी ५० यावी, ही एक चाचणी.

डॉकटेस्टमध्ये हे उदाहरण प्रोग्रॅमच्या माहितीतच लिहिता येते. वाचणाऱ्याला ते सोयीचे. पण हा परीक्षक अक्षरशः तपासतो. संगणकाने ५०.० छापले आणि आपण ५० लिहिले असेल, तर उत्तर चूक! असा परीक्षक आपल्याला शाळेत चालेल का?

युनिटटेस्ट २००१ पासून पायथॉनबरोबरच मिळते, वेगळे बसवावे लागत नाही. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत हा मोठाच गुण. पण केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिट या जावातील साधनाचे वळण त्याला आहे. त्यामुळे एका ओळीच्या ताळ्यासाठी क्लास मांडण्याचे सोपस्कार करावे लागतात.

पायटेस्टमध्ये साधे विधान पुरते आणि चाचणी फसली तर आलेली किंमतही समोर दिसते. दोष एकच, पण मोठा. चाचणीला लागणारी पूर्वतयारी दुसऱ्याच फाइलमधून केवळ नावाने आणता येते. ती कोठून आली हे नवख्याला उमगत नाही.

तरीही सामुदायिक कामासाठी मी पायटेस्ट निवडेन; ही नावाची जादू मात्र बेताने वापरावी. युनिटटेस्टच्या जुन्या चाचण्याही ते चालवते, हा आणखी एक फायदा.

साधन सांभाळणारे कोणी आहे का, हेही पाहावे. नोज हे एके काळी लोकप्रिय साधन होते. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ साली निघाली, पुढे देखभाल थांबली. नमपाय या गणिती प्रकल्पाला २०१८ मध्ये नोज सोडून पायटेस्टकडे यावे लागले.

कोणतेही साधन काय तपासावे हे मात्र सुचवत नाही. सगळेच गैरहजर असतील तर शून्याने भागावे लागेल, हे माणसालाच सुचावे लागते.

निवडीपूर्वी एक प्रयोग करा. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक घाला आणि चाचणीचा निकाल गटाबाहेरच्या विद्यार्थ्याला वाचायला द्या. चूक कोठे आहे हे त्याला सांगता आले, तर साधन योग्य. निकाल वाचता येत नसला, की लोक चूक दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच काढून टाकतात. आणि ताळ्याशिवाय गणित पुढे चालू राहते.