प्रक्षेपकाचा शोक आणि खेळ चालविण्याचा अधिकार

चित्रपटगृहांतून फिल्मची रिळे नाहीशी होऊन त्यांच्या जागी डिजिटल प्रक्षेपण आले, त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. एखादे यंत्र व्यवहारातून गेले म्हणजे ते साहित्यात आणि कलेत प्रवेश करते, असा अनुभव आहे. मोट, जाते आणि टांगा यांच्या बाबतीत हेच घडले. प्रक्षेपकाच्या बाबतीतही तेच घडत आहे. विशेष इतकाच की, येथे शोक करणारी कला आणि शोकाचा विषय ही एकाच कुळातील आहेत. चित्रपटच चित्रपटयंत्राचा मृत्यू सांगतो. अशा कृतींची संख्या आता इतकी झाली आहे की, त्यांच्याकडे सुटे सुटे न पाहता एका प्रवृत्तीचे आविष्कार म्हणून पाहणे शक्य आहे. या कृती नेमके कशाबद्दल हळहळतात आणि जे गेले त्याचे स्वरूप त्यांना कितपत आकळले आहे, हा प्रश्न मराठवाड्यासारख्या प्रदेशातून विचारला म्हणजे त्याचे उत्तर शहरातून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा निराळे येते.

हा प्रदेश डोळ्यांपुढे यावा म्हणून हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा हे ठिकाण घेता येईल. कळमनुरी तालुक्यातील या फाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. एक अकोला, वाशीम व हिंगोली येथून येऊन नांदेड-देगलूरमार्गे तेलंगणात उतरतो. दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ असा नागपूरच्या दिशेने जातो. हदगाव सोडून उमरखेडकडे जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. ही नदी एके काळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सीमा होती. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९६० मध्ये नदीचे दोन्ही काठ महाराष्ट्रात आले. चित्रपटवितरणाच्या व्यापारात मात्र ही सीमा पुसली गेली नाही. त्या व्यापाराच्या नकाशात मराठवाडा ‘निजाम’ विभागात राहिला आणि विदर्भ ‘सी. पी. बेरार’ विभागात. राज्य गेले तरी चित्रपटाच्या प्रिंटांचा व्यवहार जुन्या राज्याच्याच हद्दीत चालत राहिला. फाट्यावरून एका दिशेला जाणारी वाट एका वितरकाची, तर दुसऱ्या दिशेला जाणारी वाट थोड्याच अंतरावर दुसऱ्याची, अशी ही रचना होती. प्रक्षेपणाची आठवण लिहावयाची, तर ती या नकाशासह लिहिली पाहिजे. कारण कोणत्या गावाने कोणता चित्रपट केव्हा आणि कोणत्या अवस्थेत पाहिला, हे त्यावरच ठरत असे.

याचे कारण फिल्मच्या जडत्वात आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालते. म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी या हिशेबाने १३,५०० फूट, अर्थात चार किलोमीटरहून थोडी अधिक भरते. दोन हजार फुटांच्या रिळांत ती विभागली, तर सात डबे होतात. हे डबे तयार करण्यास खर्च येई, म्हणून प्रिंटांची संख्या मर्यादित असे. त्या प्रथम मोठ्या शहरांत लागत, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि सर्वांत शेवटी जत्रेतील तंबूत. प्रत्येक खेळागणिक फितीवर ओरखडे उमटत, जोड वाढत, चौकटी गळत. तंबूतील प्रेक्षकाच्या वाट्याला येणारा चित्रपट अशा रीतीने उशिराचा आणि झिजलेला असे. शहरी रसिक ज्या ओरखड्यांना आज फिल्मचे सौंदर्य म्हणतो, ते गावातील प्रेक्षकाच्या दृष्टीने रांगेतील त्याच्या शेवटच्या स्थानाचे चिन्ह होते. फिल्मच्या पोताविषयीचे प्रेम ही खोटी भावना नव्हे. परंतु ती सर्वांची भावना नव्हे, एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

डिजिटल प्रक्षेपणाने हा उशीर संपविला. अमेरिकेतील सात मोठ्या चित्रसंस्थांनी २००२ मध्ये एकत्र येऊन त्याचे प्रमाणीकरण हाती घेतले आणि २००५ मध्ये त्याचे पहिले नियम प्रसिद्ध केले. भारतात याच सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१२ च्या जानेवारीत कोडॅक कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी फुजीने चित्रपटांसाठीची फिल्म बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. प्रिंटचा खर्च गेल्यामुळे एकच चित्रपट एकाच शुक्रवारी मुंबईत आणि तालुक्याच्या गावी लागू लागला. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर हा लाभ लहान नाही. मग गमावले काय? या प्रश्नापाशीच शोकपर चित्रपटांची खरी परीक्षा होते.

या चित्रपटांपैकी महाराष्ट्राशी सर्वांत निकटचा संबंध असलेला म्हणजे शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट. तो २०१६ मध्ये कान येथील महोत्सवात प्रथम दाखविला गेला. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणारे तंबूचे चित्रपटगृह हा त्याचा विषय. तंबू चालविणारे मोहम्मद व बापू आणि प्रक्षेपक दुरुस्त करणारे प्रकाश हे त्याचे तीन नायक. मधेशिया हे मूळचे छायाचित्रकार. तंबूतील प्रेक्षकांच्या त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांना २०११ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. त्यांची ही दृष्टी चित्रपटाचे बळ आहे आणि त्याची मर्यादाही. अंधारातून निघणारा प्रकाशाचा झोत, धुळीचे कण, उजळलेले चेहरे, गंजलेली मालमोटार यांच्या प्रतिमा इतक्या देखण्या आहेत की, पाहणाऱ्याला दारिद्र्याचाही मोह पडावा. मोहम्मद अखेर डिजिटल यंत्राकडे वळतात तेव्हा चित्रपटाचा सूर विलापाचा होतो. त्यांच्या निर्णयामागील व्यवहार मात्र त्या मानाने पुसट राहतो.

परंतु याच चित्रपटात प्रकाश यांचे प्रकरण आहे आणि तेथे चित्रपट स्वतःच्या विलापाच्या पलीकडे जातो. प्रकाश केवळ जुनी यंत्रे जुळवीत नाहीत. यंत्राचे भाग सतत तेलात राहावेत अशी योजना असलेला एक प्रक्षेपक त्यांनी स्वतः रचला आहे. त्याची रचना समजावून सांगताना त्यांच्या मुद्रेवर जे तेज दिसते, ते गतकाळाच्या आठवणीचे नाही. आपण हे करू शकतो, या जाणिवेचे ते तेज आहे. फिल्मचा प्रक्षेपक हा समजण्याजोगा होता. फितीला क्षणभर थांबवून पुढे ढकलणारे चक्र, मधल्या क्षणी प्रकाश अडविणारी पाती, भिंग आणि दिवा, एवढे त्याचे मर्म. एखादा दाता झिजला तर तो जवळच्या शहरातील कारागिराकडून घडवून घेता येई; फीत तुटली तर ऑपरेटर ती तेथल्या तेथे जोडून खेळ पुढे नेई. डिजिटल चित्रपट याउलट कुलूपबंद असतो. त्याची किल्ली सांकेतिक लिपीत येते, ती ठरावीक यंत्रावर आणि ठरावीक मुदतीतच चालते. ती न आली, तर यंत्र उत्तम स्थितीत असूनही पडदा पांढराच राहतो आणि तंबूतील कोणाच्याही हातात काही उरत नाही. ज्या वितरकाला पूर्वी आपल्या प्रिंटचे काय होते हे कळत नसे, त्याला आता दूर बसून खेळ बंद ठेवता येतो. उशीर संपला, पण त्याबरोबर खेळ चालविणाऱ्याचा अधिकारही संपला. प्रक्षेपकाबरोबर जे गेले ते हे होय.

ही कसोटी हाती घेतली म्हणजे इतर चित्रपटांतील उत्कट स्थळांचाही उलगडा होतो. ज्युझेप्पे तोर्नातोरे यांचा ‘सिनेमा पॅराडिसो’ (१९८८) डिजिटल युगापूर्वीचा; तथापि या परंपरेचा तो उगम आहे. त्यातील अविस्मरणीय प्रसंग चित्रपटगृह पाडले जाण्याचा नाही. आत जागा न मिळालेल्या लोकांसाठी ऑपरेटर आल्फ्रेदो प्रकाशाचा झोत वळवून चौकातील घराच्या भिंतीवर चित्र उमटवितो, तो प्रसंग मनात राहतो. पान नलिन यांच्या ‘छेल्लो शो’ (२०२१) या गुजराती चित्रपटात वितळलेल्या प्रक्षेपकाचे चमचे होतात आणि फिल्मच्या बांगड्या होतात. ही प्रतिमा प्रसिद्ध झाली. परंतु तिच्यात सांत्वनाची घाई आहे. जणू वस्तूला दुसरा जन्म मिळाला म्हणजे हानी भरून निघते! त्याच चित्रपटात सौराष्ट्रातील मुले मोडक्यातोडक्या वस्तू जमवून स्वतःचा प्रक्षेपक उभा करतात, तो भाग कितीतरी सरस आहे. आल्फ्रेदो, प्रकाश आणि ही मुले यांना जोडणारा धागा एकच : कोणी न सांगितलेला खेळ त्यांनी आपल्या हिकमतीने उभा केला. या चित्रपटांचा शोक यंत्रासाठी असला, तरी त्यांचा आनंद कर्तृत्वात आहे. त्यांच्या कलेला जे समजले, ते त्यांच्या शोकाला समजलेले नाही.

कौशिक गांगुली यांचा ‘सिनेमावाला’ (२०१६) हा बंगाली चित्रपट या बाबतीत अधिक कठोर आहे. त्यातील वृद्ध चित्रपटगृहमालकाचा मुलगाच चोरट्या डीव्हीडींचा धंदा करतो. त्यामुळे झगडा पिता-पुत्रांचा होतो व नाट्य वाढते. परंतु त्याच मापाने दोष घराच्या चार भिंतींत कोंडला जातो आणि व्यापाराची बदललेली घडी नजरेआड होते. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ (२०१३) हा मराठी चित्रपट तंबूची सूत्रे एका स्त्रीच्या हाती देतो. रचनेत तो सैल असला, तरी तंबू हा आधी धंदा आहे, कर्ज आणि गल्ला यांचे गणित आहे, याचे भान तो सोडीत नाही. हे त्याच्या श्रेयात मांडले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. ऑपरेटरचे स्वातंत्र्य नेहमीच प्रेक्षकाच्या हिताचे होते काय? तसे नव्हते. खेळ लवकर आटोपावा म्हणून गाणे गाळणे, एखादे रीळच वगळणे, हे प्रकार त्याच स्वातंत्र्यातून होत. कार्बनच्या कांड्या जाळून प्रकाश मिळविण्याच्या काळात ऑपरेटरची खोली उष्णतेने आणि धुराने भरलेली असे. त्या श्रमाचे गोडवे गाणे त्याला सोसावे लागलेल्याला रुचेलच असे नाही. डिजिटल प्रतीमुळे फाट्यावरच्या प्रेक्षकाला प्रथमच संपूर्ण आणि स्वच्छ चित्रपट मिळाला, हेही नाकारता येत नाही. परंतु या आक्षेपाने मूळ मुद्दा बाधित न होता स्पष्टच होतो. जे गेले ते निर्मळ नव्हते, सुंदरही नव्हते. ते स्थानिक होते. त्याचे दोष गावातल्या माणसाचे होते आणि ते दुरुस्त करणेही गावातल्या माणसाच्या आवाक्यात होते. स्वच्छ चित्र आणि स्थानिक अधिकार यांत मुळात विरोध नाही. तो विरोध यंत्राने निर्माण केला नसून यंत्राभोवती उभारलेल्या व्यापारी व्यवस्थेने निर्माण केला आहे. शोकपर चित्रपट यंत्राकडे बोट दाखवितात, त्यामुळे व्यवस्था सुटते.

या विवेचनातून अभ्यासाची एक दिशा निघते. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी चित्रपटांच्या प्रती वाचविल्या. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) मधून नायरांचे कार्य लोकांपुढे आणले आणि २०१४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनची स्थापना केली. फीत आणि यंत्र यांचे जतन अशा रीतीने काही प्रमाणात सुरू झाले आहे. परंतु ‘निजाम’ आणि ‘सी. पी. बेरार’ या विभागांच्या हद्दीवर प्रिंट कशी फिरत असे, तंबूवाल्याचा वितरकाशी करार काय असे, यंत्रदुरुस्ती करणाऱ्याने हाताने कोणते भाग घडविले, हे ज्ञान संग्रहालयाच्या कपाटात मावणारे नाही. ते वृद्ध होत चाललेल्या माणसांच्या स्मरणात आहे आणि ते टिपण्याची मुदत थोडी आहे. मराठवाड्यातील विद्यापीठीय विभागांच्या हे काम अगदी दाराशी आहे. तंबूच्या खिळ्या उपटल्या गेल्या, तरी पैनगंगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा खेळ कोणाच्या हुकमाने चालत होता व आज कोणाच्या हुकमाने चालतो, हे दोन प्रश्न एकत्र विचारले जातील, तेव्हाच प्रक्षेपकाच्या आठवणीला हळहळीपलीकडचे मोल येईल.