कोल्हापूरचें १९६० चें गॅझेटिअर : भूगोल व उद्योगधंदे

कोल्हापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरची सुधारलेली आवृत्ति १९६० सालीं सरकारनें प्रसिद्ध केली. कँबेलच्या मालेंतील कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ चा. म्हणजे दोहोंमध्यें पाऊणशें वर्षांचें अंतर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर या मुलखाची भूमि, पाणी व धंदे कसे होते हें पाहूं इच्छिणारा अभ्यासक प्रथम याच ग्रंथाकडे वळतो, व तें योग्यच आहे. परंतु जुन्या कागदास आपण जे प्रश्न विचारतों, म्हणजे लिहिणारा कोण, कोणत्या कामासाठीं लिहिलें, गाळलें काय, तेच या छापील ग्रंथासहि विचारले पाहिजेत. सरकारी शिक्का पाहून ते विचारण्याचें आपण टाळतों.

पहिली अडचण सरहद्दीची. १८८६ चा खंड संस्थानाचा, १९६० चा जिल्ह्याचा. संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें; रायबाग बेळगांवाकडे गेलें, आणि १९५६ सालीं चंदगड बेळगांवाकडून इकडे आलें. तेव्हां दोन्ही ग्रंथांतील लोकसंख्येचे किंवा लागवडीचे एकूण आंकडे समोरासमोर मांडून वाढ अगर घट ठरविणें, हें एक रास पायलीनें व दुसरी शेरानें मोजून तुलना करण्यासारखें आहे. तालुकावार आंकडे घेऊन सीमा आधीं जुळविली पाहिजे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ग्रंथाची प्रकरणें शेती, उद्योग, व्यापार, दळणवळण अशीं निरनिराळीं पाडलेलीं आहेत. कारभाराच्या सोयीस हें ठीक. पण कोल्हापूरचा भूगोल या कप्प्यांत मावत नाहीं. गगनबावड्यास वर्षाकाठीं दोनशें इंचांवर पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेंत साठ मैलांच्या आंत असलेल्या शिरोळास तो जेमतेम वीस इंचांच्या आसपास. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती हें डोंगराचें पाणी पंचगंगेंत आणून नरसोबाच्या वाडीस कृष्णेच्या स्वाधीन करतात. तें पाणी उन्हाळ्यांत अडविण्यासाठीं शाहू महाराजांच्या कारकीर्दींत भोगावतीवर राधानगरीचें धरण सुरू झालें. पुरें व्हावयास मात्र शतकाचा मध्य उजाडला. पुढें नदीपात्रांतील बंधारे, त्यांवरचा ऊस, उसाचें गुऱ्हाळ, गुळाची शाहूपुरी पेठ, आणि १८९१ सालीं सुरू झालेली मिरज-कोल्हापूर रेल्वे. ही एकच सांखळी आहे. ती चार प्रकरणांत तोडली कीं गूळ हा शेतीचा माल कीं कारखान्याचा, हा नसता प्रश्न उभा राहतो. गुऱ्हाळावर चरक, चुलवाण व काहील हीं आली, भेंडीच्या रसानें मळी काढणें आलें, आणि पाक केव्हां उतरावयाचा हें नजरेनें ठरविणारा गुळव्या आला. याहून अधिक 'उद्योग' तो कोणता? पण हंगाम संपला कीं गुऱ्हाळ मोडतें, म्हणून खानेसुमारींत ही माणसें बहुधा शेतकरी किंवा मजूर म्हणून जमा होतात.

तिसरी गोष्ट कारखान्याच्या व्याख्येची. १९४८ च्या कारखाना-कायद्याप्रमाणें यंत्रशक्ति वापरणाऱ्या ठिकाणीं दहा व न वापरणाऱ्या ठिकाणीं वीस कामगार असल्यावांचून त्यास कारखाना म्हणत नसत. १९०६ ची शाहू मिल या व्याख्येंत सहज बसते. परंतु विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणल्यावर तेथें जो धंदा वाढला, तो पुष्कळसा घराच्या सोप्यांत व पडवींत चार-चार मागांवर चालला. कोल्हापुरांतील लहान ओतशाळा व तेलइंजिनें करणारे मिस्त्री यांचीहि तीच कथा. कारखान्यांचे आंकडे या कायद्याच्या आधारें मोजले कीं गांवाचा मुख्य धंदाच मापाबाहेर राहतो. या बाबतींत कँबेलची मंडळी उजवी ठरतात असें आम्हांस वाटतें. पुण्याच्या १८८५ च्या खंडांत तांबट व बांगड्या करणारे यांचीं हत्यारें, कृति व मिळकत ज्या बारकाईनें दिली आहे, ती दृष्टि नव्या मालेंत क्वचितच दिसते. मात्र कँबेलला कारागिराचें कर्ज जितकें दिसलें तितकी त्याची हुशारी दिसली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

या उणिवा भरून निघतील त्या आपल्याच कपाटांतून. सनदा, बखरी व इनामपत्रें यांचा आपण आदरानें संग्रह करतों. पण त्याच वाड्यांतून निघालेल्या १९३० ते १९६० च्या रोजकीर्दी व खतावण्या रद्दींत जातात, कारण त्या 'जुन्या' नव्हेत! त्यांतील पुष्कळशा मोडींत आहेत, आणि त्या वाचणारे दरसाल कमी होत आहेत. अडत्यानें शेतकऱ्यास दिलेली गुळाची पट्टीच पहा. तीवर गांव, धनी, रव्यांची संख्या, वजन, भाव, अडत, हमाली व तोलाई असा तपशील सांपडतो. नदीकांठच्या एका गांवच्या दहा वर्षांच्या पट्ट्या हातीं लागल्या, तर धरणाचें पाणी खालीं येऊं लागल्यावर तेथील गूळ किती वाढला व पेठेंत त्यास काय भाव पडला, हें गॅझेटिअर न उघडतांहि मांडतां येईल. तशा पट्ट्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या सालवार लावून ठेवाव्या व निदान गांवांची यादी तरी मंडळाकडे पाठवावी.