दप्तर, रुमाल आणि जुजदान

कागदपत्रे सांभाळण्याच्या कामातले मराठी शब्द एकदा सलग म्हणून पाहावेत. दप्तर, रुमाल, फर्द, नक्कल, सनद, शिक्का, तारीख. फडणीस म्हणजे फर्दनवीस. सारे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे पक्के ठाऊक होते. मराठीवरील फारसीच्या परिणामाची त्यांनी केलेली छाननी आजही वाचावी अशी आहे. त्यांच्या इतिहासदृष्टीशी आपले पटणे कठीण. संग्राहक राजवाड्यांपुढे मात्र मान लववावी लागते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला आणि पुढे ते काम बावीस खंडांपर्यंत गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. त्याच गावात १८९३ च्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठांतली बाडे गोळा करीत होते. एका मध्यम गावात इतका जुना कागद जमावा, हे खानदेशाचे भाग्यच.

पण जमवणे वेगळे आणि वाचणाऱ्याच्या हाती पोचवणे वेगळे. छापील खंडात पत्राचा मजकूर येतो. पाठीमागचा शेरा, मोहर, कागदाची जात आणि त्याच रुमालात शेजारी कोणते कागद होते, ही माहिती बहुधा गळते. दप्तराची मूळ मांडणी मोडू नये, हा आज या शास्त्राचा पहिला धडा आहे. राजवाड्यांच्या काळी कागद वाणसामानाच्या पुड्यांत जाण्यापासून वाचवणे हीच घाई होती, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. नंतरच्यांना देता येतो. मोडी वाचणारे आता थोडे, शिकस्ता वाचणारे त्याहून थोडे. त्यामुळे संग्रहाच्या यादीत ‘फारसी कागद’ एवढे लिहून पुढे जाण्याची सवय लागते आणि तो कागद असूनही नसल्यासारखा होतो. पुण्यात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड काढले, ते असल्या कागदांना तोंड फुटावे म्हणूनच. त्या कामात आपली माणसे किती होती, हे विचारताना संकोच वाटतो.

खानदेशाचा भूगोलही अभ्यासकाला छळतो. फारुकींनी १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केले. त्यांच्या कबरी थाळनेरला, म्हणजे धुळे जिल्ह्यात. राजधानी बुऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९९८ मध्ये नंदुरबार निघाले. कचेऱ्या वाटल्या गेल्या, कागदही त्यांच्यामागे विखुरले.

आता आपल्या घरात पाहू. शेख महंमद, शहामुनी, अंबर हुसेन यांची मराठी टिकली, कारण ती म्हणणारे आणि उतरवून घेणारे लोक होते, आणि त्यांत बिगरमुस्लिमच अधिक. वा. सी. बेंद्रे, रा. चिं. ढेरे, यू. म. पठाण यांच्या कामाला त्या परंपरेचा आधार मिळाला. काझी, खतीब, मुजावर घराण्यांच्या सनदांना असा वाचक नव्हता. कुराण जुजदानात आणि सनद पेटीत, इतकेच. ती बाहेर न काढण्यामागे अडाणीपणा नव्हता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनने पुरावे मागितले आणि ज्यांना ते देता आले नाहीत त्यांच्या जमिनी गेल्या. कागद दाखवला की काहीतरी जाते, ही भीती तिथून घट्ट बसली असावी. आता २०२५ च्या वक्फ दुरुस्तीनंतर ‘उमीद’ पोर्टलवर तपशील चढवताना त्याच पेट्या उघडाव्या लागल्या. कागद सांभाळला, पण वाचता येत नाही, अशी अवस्था.

संस्थांनाही भीती असते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. अशा घटनेनंतर कपाटाला कुलूप घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण कुलपाने वाळवी थांबत नाही आणि वाचकही तयार होत नाहीत. घराण्याने सनद कायमची देऊन टाकावी, असा हट्टही नको. कागद घरी राहावा, त्याचे छायाचित्र संस्थेकडे, आणि ‘फारसी कागद’ याच्या पुढे कोणाचा, कोणत्या गावचा, कशाबद्दल, एवढे लिहावे. याला इमारत लागत नाही. धुळ्यात एक आणि जळगावात एक, शिकस्ता व मोडी दोन्ही वाचणारी माणसे लागतात, आणि त्यांना महिन्याचा पगार.