गायकांस न विचारतां घडलेलें गीत

पॉल सायमन व आर्ट गार्फंकेल या अमेरिकन गायकद्वयाची 'साउंड्स ऑफ सायलेन्स' ही दुसरी ध्वनिमुद्रिका जानेवारी १९६६ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्याविषयीं लिहितांना प्रथम एक चमत्कारिक हकीकत सांगणें प्राप्त आहे. ज्या गीतावरून तिचें नांव पडलें, त्याचें सर्वपरिचित रूप या दोघांनीं दिलेलेंच नाहीं. १९६४ सालची त्यांची पहिली तबकडी फारशी कोणी घेतली नाहीं. जोडी फुटल्यासारखी झाली व सायमन इंग्लंडांत गेला. इकडे जून १९६५ मध्यें टॉम विल्सन या निर्मात्यानें त्या तबकडींतील एका गीतावर विजेच्या गिटारीची व ड्रमची साथ चढविली, आणि तीही गायकांस न विचारतां! गीत लोकांच्या तोंडीं बसूं लागतांच जोडी पुन्हा जमली, डिसेंबरांत घाईघाईनें बरींचशीं गीतें मुद्रित झालीं, आणि नववर्षाच्या आरंभीं तें गीत अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें.

कवीच्या हातची नव्हे अशी भर काव्यास उपकारक ठरूं शकते काय? या एका गीतापुरतें आमचें उत्तर होकारार्थी आहे. माणसें बोलतात पण एकमेकांचें ऐकत नाहींत, हाच गीताचा विषय. वाद्यांच्या गजरांत बुडूं पाहणारे ते दोन मृदु स्वर त्याचेंच प्रत्यंतर देतात. मूळच्या साध्या साथींत तेंच गीत किंचित् उपदेशपर वाटतें. परंतु 'समव्हेअर दे कान्ट फाइंड मी' मध्यें हीच युक्ति फसली आहे: चोरी करून पळणाऱ्या तरुणाचा पश्चात्ताप वाद्यांच्या धांवपळींत हरवतो. 'कॅथीज साँग' मध्यें मात्र एक आवाज व एक गिटार, एवढेंच. आणि तेवढें पुरेसें आहे.

'रिचर्ड कोरी' विषयीं थोडें अधिक लिहावेंसें वाटतें. एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सनची १८९७ सालची ही कविता आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविली. तींत गांवकरी बोलतात. सर्वांना हेवा वाटावा अशा श्रीमंताच्या आत्महत्येची वार्ता सांगून ते एकदम थांबतात. सायमननें कोरीच्या कारखान्यांतील एका मजुरास निवेदक केलें, आणि ती वार्ता आल्यावरही त्याचें पालुपद चालूच ठेविलें: आपण कोरी असतों तर! यामुळें रॉबिन्सनचा संयम मातींत गेला, असें एका विद्यार्थ्यानें म्हटलें तेव्हां आम्हींही मान डोलावली होती. आतां तसें वाटत नाहीं. मजुराला अजूनही कोरीची संपत्तिच हवी आहे, कीं त्याचें मरणही? हा प्रश्न रॉबिन्सनच्या कवितेंत नाहीं, आणि एकदां कानांत शिरला कीं तो जात नाहीं.

'आय ॲम अ रॉक' १९६६ सालींच यादींत तिसऱ्या स्थानीं पोंचलें. कोणीही माणूस बेट नव्हे, या डनच्या विचाराला येथें मुद्दाम उलटें केलें आहे. यांतला एकलकोंडा पुस्तकांचें व काव्याचें चिलखत करून बसतो, हें ऐकतांना ग्रंथप्रेमी वाचकास थोडें अवघडल्यासारखें होईल, आम्हांस झालें.

ध्वनिमुद्रिका स्वतः त्या वेळीं अमेरिकन यादींत एकविसाव्या स्थानापुढें गेली नाहीं. १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' या चित्रपटानें शीर्षकगीत नव्या श्रोत्यांपर्यंत नेलें, आणि पुढें काँग्रेसच्या ग्रंथालयानें जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या २०१२ सालच्या यादींत तिचा समावेश केला. त्या मानांत घाईची भरतीही आपोआप सामील झाली: 'वुइव्ह गॉट अ ग्रूव्ही थिंग गोइन' हें गीत आम्ही अजूनही दर वेळीं वगळून पुढें जातों.