गच्चीवरचे स्मिर्ना

अथेन्सच्या प्लाका किंवा मोनास्तिराकी भागातल्या गच्चीवरच्या रेस्तराँमध्ये पोचलात की पहिली नजर अ‍ॅक्रोपोलिसकडे जाते, आणि जावीच. इ.स.पू. 447 ते 432 या काळात उभारलेले पार्थेनॉन दिव्यांच्या उजेडात असे उजळते की समोरच्या ताटाचा विसर पडावा. तरीही माझे ठाम मत आहे की, एकदा डोळे भरून पाहून झाले की टेकडीकडे पाठ करून बसावे. या संध्याकाळचा खरा रस टेबलावर आणि वादकांपाशी आहे.

आधी मेझे. लहान लहान बश्या मधोमध येतात, कुणा एकाच्या नसतात: भाजलेल्या वांग्याची मेलित्झानोसालाता, दही-काकडीचे त्झात्झिकी, निखाऱ्यावरचा ऑक्टोपस. उझोत पाणी ओतले की त्यातले सुगंधी तेल विरघळलेले राहत नाही आणि प्याला दुधाळ होतो. घाई कुणालाच नसते.

मग येतात सुत्झुकाकिया. टोमॅटोच्या रश्श्यातले खिम्याचे लांबट गोळे. पण रश्श्याच्याही आधी नाकाला भिडते ते जिरे. मराठी जिभेला ही ओळख सांगावी लागत नाही. हा पदार्थ स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. 1922 मध्ये ते शहर जळाले, 1923 च्या लोझान कराराने लोकसंख्येच्या अदलाबदलीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्या उलथापालथीत दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्या हाताची चव आली, तसे त्यांचे सूरही आले. स्मिर्नाच्या कॅफेंमधले व्हायोलिन आणि ऊद, पिरेअस बंदराच्या गरीब वस्त्यांतली बुझुकी, दोन्ही मिळून रेबेतिको घडले. हुकूमशहा मेटाक्सासच्या राजवटीत त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. 2017 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गर्दुल्ल्यांच्या अड्ड्यांवर वाढलेले हे गाणे आज गच्चीवर चढले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ताटातले जिरे आणि तारेवरचा सूर एकाच विस्थापनातून आले. म्हणून एकाशिवाय दुसऱ्याची चव अर्धीच लागते.

रात्र चढली की झेइबेकिको हा नाच सुरू होतो. नऊ मात्रांचे संथ, जड आवर्तन. एकच माणूस उठतो. ठरलेली पावले नाहीत. हात पसरून, तोल जातोय असे वाटायला लावत तो स्वतःभोवती फिरतो. सोबती गुडघ्यावर बसून टाळ्या देतात, मध्ये कुणी शिरत नाही. एवढ्या जल्लोषात एकट्याच्या दुःखाला इतकी मानाची जागा देणारी मेजवानी मी दुसरी पाहिलेली नाही.

पाठोपाठ हासापिको वाजते. ते खांद्यावर हात टाकून ओळीने नाचायचे असते. तेव्हा मात्र जरूर उठावे, पावले येत नसली तरी. शेजारचा अनोळखी माणूस ती शिकवतो.