एका चकतीवरचे दोन राजे

नाणे प्रदर्शनात सातवाहन-क्षत्रपांची नाणी मांडलेल्या टेबलावर हमखास एखादे नाणे असे असते, की नवख्या ग्राहकाला ते वाया गेलेले वाटावे. चांदीचे, सव्वादोन ग्रॅमच्या आसपासचे. त्यावर उजवीकडे पाहणारा एक चेहरा आहे, पण गालाच्या जागी तीन कमानींचा डोंगर उभा आहे. कडेची अक्षरे दुसऱ्याच कुठल्या अक्षरांवर चढली आहेत. शेजारच्या पाकिटात त्याच राजाचे स्वच्छ, ठसठशीत चेहऱ्याचे नाणे असते आणि हात आपोआप तिकडे जातो. मला मात्र वाचनासाठी पहिले नाणे अधिक श्रीमंत वाटते, कारण त्यावर दोन राजांचे दोन मजकूर आहेत आणि त्यांच्यातले भांडण अजून मिटलेले नाही.

या नाण्यांचे कूळ नाशिक जिल्ह्यातले. १९०६ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि सगळी मुळात एकाच राजाची, क्षहरात वंशातल्या नहपान या क्षत्रपाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर मात्र सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजवट कशी बदलली याचा इतका ढळढळीत पुरावा आपल्या मातीत क्वचितच मिळाला असेल.

आधी खालचा मजकूर वाचू. नहपानाचे नाणे मोठे ऐटबाज आहे. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीतला लेख. पण ती ग्रीक अक्षरे ज्या भाषेचे ध्वनी टिपतात ती प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच लेख ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत. नखाएवढ्या चकतीवर तीन लिप्या मावल्या आहेत. हा निव्वळ हौसेचा मामला नव्हता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात मिनांडर आणि अपोलोडोटस या यवन राजांची जुनी नाणी चालत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात त्या मुलखाच्या ज्या राजाचे नाव येते, तो नहपानच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्यापाऱ्याच्या हाताला जे रूप ओळखीचे होते, त्याच रूपात राजाने स्वतःला बसवले. या नाण्यांवरचे चेहरेही सारखे नाहीत. कुठे कोवळा तरुण दिसतो, कुठे गाल बसलेला म्हातारा. जोगळटेंभीतली मूठभर नाणी शेजारी शेजारी ठेवली, तर एकाच नावाखाली कितीतरी माणसे बसल्यासारखी दिसतात.

आता वरचा मजकूर. गौतमीपुत्राच्या ठशात चेहरा नाही. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मीत ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूला अभ्यासक ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते : एक फुली आणि तिच्या चारही टोकांना वर्तुळे. तीन लिप्यांच्या जागी एकच लिपी आली, राजाच्या मुखाच्या जागी आईचे नाव मिरवणारा लेख आला. नहपानाचे नाणे बंदराकडे तोंड करून बोलते, तर हा ठसा घाटमाथ्यावरच्या माणसांशी बोलतो. दोन्ही मजकुरांची शैली इतकी वेगळी आहे, की एकाच चकतीवर त्यांना आणणे हीच मोठी नाट्यमय घटना ठरते.

खरा रस त्या टकरीत आहे. टाकसाळीतल्या कारागिराने जुनी खूण पूर्ण पुसण्याचा खटाटोप केलेला नाही. चकती ठेवली, ठसा टेकवला, घाव घातला आणि पुढची उचलली. त्यामुळे कोणत्याही दोन नाण्यांत टक्कर सारखी होत नाही. कुठे डोंगर नेमका नाकावर येतो, कुठे केसांच्या बटा कमानींतून डोकावतात. उज्जैन चिन्हाच्या दोन वर्तुळांमधून बाणाचे टोक बाहेर पडते. एखाद्या नाण्यावर ‘नहपानस’मधली दोन-तीन अक्षरे सातकर्णीच्या नावाशेजारी तशीच शाबूत असतात. ही चूक म्हणायची की रचना? हेतू नसेल, तरी परिणाम रचनेचाच आहे. जिंकणारा वर आणि हरणारा खाली, पण वाचताना दोघांनाही वाचावे लागते.

सगळी चांदी वितळवून नवी नाणी का पाडली नाहीत, याचे साधे उत्तर व्यवहारातले आहे. वितळवणे, नव्या चकत्या करणे यात वेळ, सरपण आणि मजुरी जाते. ठरलेल्या वजनाचे, लोकांच्या हातात रुळलेले नाणे तयार असताना त्यावर सही केली तरी काम भागते. पण नाशिकची लेणी पाहिली की या उत्तराला आणखी एक पदर मिळतो. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या लेखात ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव कोरून ठेवली आहे. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे ठरले. हिशेब चोख जुळतो, वर्षाला २४०. हे कार्षापण म्हणजे याच जातीची चांदीची नाणी असावीत, असे मानले जाते. त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचा अठराव्या वर्षाचा लेख आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत आता भिक्षूंना दिले, असे त्यात म्हटले आहे. नंतरच्या लेखात त्याची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केल्याचे अभिमानाने सांगते. लेखाची भाषा उच्छेदाची आहे, कृती मात्र हस्तांतराची. शेत तेच, धनी बदलला. नाणे तेच, नाव बदलले.

म्हणून असे नाणे विकत घेताना रसिकाची नजर आणि पारख्याची नजर एकाच जागी येऊन मिळते. बाजारात या नाण्यांच्या नकला पुष्कळ आहेत. ओतीव नकलेत दोन्ही मजकूर एकाच साच्यातून आलेले असतात, त्यामुळे दोन्ही सारखेच मऊ, सारखेच उथळ दिसतात. अस्सल नाण्यात घावांचा क्रम दिसायला हवा : खालचा चेहरा नव्या ठशाच्या दाबाने चपटा झालेला, वरच्या रेघा त्यामानाने धारदार, आणि दाबाखाली धातू किंचित सरकलेला. भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसले किंवा कडेवर साच्याची सांधरेघ दिसली, तर नाणे निमूट खाली ठेवावे. वजन करून मागायला लाजू नये, चांगला व्यापारी तराजू स्वतःच पुढे करतो. आणखी एक गोष्ट कागदाची. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्यानेच करता येतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परवानाधारकाकडूनच घ्यावे आणि पक्के बिल मागावे. नाण्यासोबत त्याचा मागचा प्रवास लिहून मिळाला, तर त्या चिठ्ठीलाही जपावे. कुठून आले हे विसरलेले नाणे निम्मे मुके होते.

निवड करायची वेळ आली, तर सगळ्यात स्वच्छ नाणे शोधू नये, सगळ्यात बोलके शोधावे. नुसता डोंगर ठळक आणि चेहरा पार गेलेला असेल, तर जेत्याची जाहिरात तेवढी हाती लागते. नुसता चेहरा ठळक आणि डोंगर कडेला सरकलेला असेल, तर टक्कर हुकते. डोळा आणि कमान, वज्र आणि वर्तुळ, दोन्हीकडची निदान तीन-चार अक्षरे एकाच वेळी वाचता येतील असे नाणे मिळाले, तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

या टकरीचा निकाल मात्र या नाण्यावर लागत नाही. तो पुढच्या पिढ्यांच्या नाण्यांवर पाहावा लागतो. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजांनी चांदीची जी नाणी पाडली, त्यांवर राजाचा चेहरा आहे, उजवीकडे पाहणारा, भोवती लेख असलेला. ज्या रूपावर पूर्वजाने डोंगर ठोकला होता, तेच रूप वारसांनी आपले म्हणून स्वीकारले. नहपान रणात हरला, टाकसाळीत मात्र त्याचीच रीत टिकली. ज्याला हे कळले आहे, तो गालावर डोंगर असलेल्या नाण्याला खराब म्हणून बाजूला सारणार नाही. त्या टेबलावर त्याने आधी तेच उचलून पाहावे.